नख

हे तुर्भ्याच्या मार्केटात मापाडी. सव्वीस वर्षं.
रात्री दोनला ट्रक उघडायचे.
दुधी उतरवताना हमाल हळू बोलतात म्हणायचे,
पेपरात गुंडाळलेला, देठाकडून धरलेला,
एकाशेजारी एक निजवलेला.
भोपळा मात्र झेलाझेलीनेच येतो,
एक जण वर, एक जण खाली,
मधल्या हवेत पाच किलो
आणि दोघांच्याही तोंडात तंबाखू.

मला भाजी घेता येत नव्हती.
लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी माझा अंगठा धरला
(असं हाताला धरून दुसरं काही शिकवलं नाही कधी)
आणि दुधीच्या पोटात नख दाबलं.
"रुतलं? ओलं लागलं? घे.
नाही रुतलं तर जून, ठेव खाली."
मग भोपळ्यावर तेच नख.
"रुतलं? कच्चा आहे. ठेव खाली.
नाही रुतलं तरच घे."

असं कसं, मी विचारलं.
म्हणाले, दुधी, दोडका, घोसाळी, पडवळ,
यांना बी दाताखाली यायच्या आत खुडायचं.
भोपळ्याला मात्र वेल कंटाळेपर्यंत सोडायचं नाही.
देठ लाकडासारखा वाजला की मग.
"आणि दोडका वेलावर विसरला तर?"
"तर अंग घासायला घे."

परवा ओजस आला, बहिणीचा मुलगा,
गॅलरीत लावायला बियांची पाकिटं घेऊन.
एकावर उन्हाळी, एकावर हिवाळी.
"मावशी, हा हिवाळी थंडीत लावायचा?"
कोपरखैरण्यात थंडी म्हणजे
चार दिवस पंखा दोनवर.
मी म्हटलं, अरे, लावायचे दोन्ही एकदमच.
हिवाळी म्हणजे थंडीत येतो तो नव्हे,
थंडीपर्यंत राहतो तो.

बोलले, आणि माझंच लक्ष ओट्याखाली गेलं.

जुन्या टॉवेलच्या चुंबळीवर तो बसला होता.
मे महिन्यात आणलेला, एका पिशवीत दुधी आणि हा.
"साडेचार किलो," काट्यावर न ठेवता म्हणाले होते.
दुधी त्याच रात्री चण्याच्या डाळीत संपला,
त्याला थांबता येत नाही.
जूनमध्ये हे गेले.

भोपळ्याला पहिली चीर पुरुषाने द्यायची,
आमच्यात असं आहे.
दिवसकार्याला घरभर पुरुष होते,
तेव्हा कुणाला आठवला नाही.
नंतर वॉचमन त्रिभुवनला बोलवावं असं दोनदा मनात आलं,
पण काय सांगणार त्याला?
केर काढताना उचलायचे, पुसायचे,
परत ठेवायचे.
दर वेळी जरा हलका वाटायचा,
की माझेच हात निबर होत चालले होते.

"मी कापतो ना," ओजस म्हणाला.
उभा राहिला, बाह्या सरसावल्या.
मी म्हटलं, तू नुसता धर.

आधी नख लावून पाहिलं. नाही रुतलं.
सुरी अर्ध्यात अडकली,
वरून वरवंट्याने दोन टोले घातले,
तेव्हा मोठ्ठा खोकल्यासारखा आवाज करून तो उघडला.
आत रंग जसाच्या तसा.
आणि गराच्या धाग्यांत एक बी
अंधारातच फुटलेलं,
पांढरं शेपूट काढून.

"हे लावूया," ओजस म्हणाला.
म्हटलं, लाव. पण आधी गूळ किस.

पाव भोपळा रेजीच्या आईला दिला, ती नारळात करते.
पाव त्रिभुवनला, कारण न सांगता.
उरलेल्याचे घारगे झाले, तीस-एक,
शेवटचे चार जरा करपले.

अंगठ्याचं नख दोन दिवस केशरी होतं.
भांडी घासताना जायला हवं होतं खरं तर.